उपासना कोणी चुकवली, सांताने की बिर्याणीने?

प्रश्न : सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडमध्ये स्थायिक झालो. घरात मी, यजमान, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. नाताळ जवळ आला की मला आनंद व्हायच्या ऐवजी चिडचिडच होते. सोसायटीत "तुम्ही ख्रिश्चन ना, मग सांताचं तुम्हीच बघा" म्हणत यजमानांना लाल डगला चढवतात. मुलाच्या लेखी नाताळ म्हणजे गिफ्ट. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरोल पार्टीने गेल्या वर्षी टेम्पोवर डीजे लावला आणि पोरं रात्री दोनला घरी आली. २५ तारखेला मुलगी उठलीच नाही. दुपारी तीसएक माणसं जेवायला, त्यामुळे मी बिर्याणीच्या पातेल्यापाशी, आणि उपासना चुकली ती चुकलीच. त्यात चुलत दीर व्हॉट्सॲपवर रोज पाठवतात की २५ डिसेंबर बायबलमध्ये नाहीच, हा सण मुळात परक्या दैवतांचा आहे, पाळूच नका. यंदा मी ठरवलंय : सांता नाही, झाड नाही, केक नाही, सोसायटीचा कार्यक्रम नाही. यजमान म्हणतात, "एवढा कर्मठपणा बरा नव्हे, मुलं दुरावतील." पाळकसाहेबांनाही (चर्चच्या पास्टरांना) डीजेबद्दल चार शब्द सुनावून यावं असं वाटतं. नाताळात प्रभू येशू मध्यभागी असावा एवढीच माझी इच्छा आहे. माझं काही चुकतंय का?
— एक भगिनी, पिंपरी

उत्तर : ताई, जय ख्रिस्त.

तुमची इच्छा चुकीची नाही. पण तुमच्या पत्रात सांता आहे, डीजे आहे, केक आहे, दीर आहेत, आणि प्रभू येशूचं नाव येतं ते अगदी शेवटी, तेही एका वाक्यापुरतं. रागाचं असंच असतं. ज्याच्यावर राग असतो तोच सगळी जागा अडवून बसतो. यंदा तुम्ही म्हणता तसं सगळं बंद केलंत, तर २५ तारखेला तुमच्या घरात काय नसेल ते मला नीट कळलं. काय असेल, ते पत्रात कुठेच नाही. झाड काढलेल्या कोपऱ्यात प्रभू आपोआप येऊन बसत नाही. तिथे कोपराच उरतो, आणि त्याच्याकडे बघत फुरंगटलेला तिसरीतला मुलगा.

आणि जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. गेल्या वर्षी तुमची उपासना सांतामुळे चुकली नाही. बिर्याणीमुळे चुकली. सांता बाहेरचा म्हणून त्याला घालवणं सोपं. बिर्याणी आपली, पाहुणे आपले, "अमक्यांच्या घरी नाताळला तीस पानं उठतात" हा लौकिकही आपलाच. तिथे हात घालायला जड जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ते जेवण २५ तारखेलाच, दुपारीच का? बाजाराचा नाताळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि २५ च्या संध्याकाळी मालावर निम्मी सूट लागते. मंडळीच्या जुन्या कॅलेंडरात उलट आहे. नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. त्या आधीचे चार रविवार तयारीचे, म्हणजे आगमनकाळ. तुमची तीस माणसं २७ तारखेला किंवा नंतरच्या रविवारी बोलवा. त्या दिवशीही नाताळच असतो, उलट पाहुण्यांनाही सवड असते. नणंदा-जावांचं २५ लाच यायचं ठरलेलं असेल, तर प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा. आणि तेही जमत नसेल, तर पातेल्याजवळ यजमान उभे राहू शकतात की. सोसायटीच्या पोरांसाठी लाल डगला चढवणाऱ्या माणसाला बायकोसाठी एप्रन चढवायला हरकत नसावी. २५ च्या सकाळी घरातली पाचही माणसं बाकावर शेजारी शेजारी बसलेली असतील, एवढी एकच गोष्ट यंदा पक्की ठरवा. दुपारी वरण-भात झाला तरी चालेल. त्यावरून कोणी नाव ठेवलंच तर ठेवू द्या.

आता मुलांचं. दहावीची मुलगी आणि तिसरीचा मुलगा, दोघांना एकत्र बसवून प्रवचन दिलंत तर दोघंही हातातून जातील. त्यापेक्षा एक जुना आणि सोपा मार्ग सांगते. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचे, म्हणजे लूकने लिहिलेल्या प्रभूच्या चरित्राचे, अध्याय चोवीस आहेत. १ डिसेंबरला पहिला, २ ला दुसरा, असं रोज रात्री एक मोठ्याने वाचायचं. २४ च्या रात्री पुस्तक संपतं. एका अध्यायाला दहा मिनिटं लागतात. पहिला मोठा आहे, ८० वचनांचा, त्याला थोडी जास्त. पहिल्या रात्री जखऱ्या, अलीशिबा आणि मरीयेकडे आलेला गब्रीएल देवदूत. दुसऱ्याच रात्री बेथलेहेम येऊन जातं. म्हणजे जन्माची गोष्ट डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपते, आणि मुलं विचारतील, मग आता रोज काय वाचायचं? हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा. तो बाळ मोठा होऊन काय करतो, हे माहीत नसेल तर त्याच्या वाढदिवसाचं एवढं कौतुक कशाला?

या वाचनाची गंमत तारखांमध्ये आहे. तुम्ही सणाच्या कामात जसजशा बुडत जाल, तसतसा तो अध्याय नेमका तुमच्या कामावर बोट ठेवतो. १० तारखेला तुम्ही पडदे धुवायला काढलेले असाल, आणि दहाव्या अध्यायाच्या शेवटी मार्था भेटते, घरकामात गुरफटलेली, बहीण हातभार लावत नाही म्हणून कुरकुरणारी. (तो भाग तुमच्या मुलीला वाचायला देऊ नका, ती वर्षभर ऐकवेल.) १२ ला कोठारं मोठी बांधायला निघालेला धनवान येतो, ऑनलाइन सेल जोरात असतो तेव्हाच. १४ ला तुम्ही पाहुण्यांची यादी करत असाल, आणि प्रभू म्हणतो की जेवण करशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या भाऊबंदांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना नको, गरिबांना, अपंगांना, आंधळ्यांना बोलाव. हातातला पेन जरा थांबतोच. १५ ला उधळ्या पुत्र, ज्या घरात एखादा भाऊ बोलत नाही त्या घरासाठी. १९ ला उंबराच्या झाडावर चढलेला जक्कय, तो तुमच्या मुलाला आवडेल. २१ ला दोन दमड्या टाकणारी विधवा, खर्चाचा हिशेब करायच्या दिवशी. आणि २२, २३ ला शेवटचं भोजन, धरपकड, वधस्तंभ. बाहेर दिव्यांच्या माळा लागल्यात आणि घरात वधस्तंभ वाचतोय, हे पहिल्यांदा चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. गव्हाणीतलं बाळ गोंडस आहे, ते कुणालाही चालतं, मॉललाही चालतं. हा बाळ मॉलला परवडणार नाही, हे त्या दोन रात्रीत मुलांच्या आपोआप लक्षात येतं. २४ ला रिकामी कबर आणि अम्माऊसची वाट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना.

वाचायचं कोणी? सगळ्यांनी. तिसऱ्या अध्यायात वंशावळीतली नावं आहेत, ती तिसरीतल्या मुलाला द्या. तो अडखळेल, सगळे हसतील, हसू द्या. डोळ्यांना त्रास होत नसेल तर सासूबाईंना रविवारचं वाचन द्या. नाहीतर वाचल्यावरची प्रार्थना त्यांची. चर्चा नको, प्रश्नोत्तरं नकोत, "यातून आपण काय शिकलो" तर मुळीच नको. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायचे. टीव्ही बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत, एवढाच नियम, आणि तो यजमानांनाही लागू.

करंज्या करायला बसता त्या संध्याकाळी तर याला तोडच नाही. पारी लाटणं, सारण भरणं, दुमडणं, कातण फिरवणं यात हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. लहानग्याला कडेला दूध लावायला बसवा, मुलीला पुस्तक द्या. ती तळणीसमोर बसायला तशीही नाखूशच असेल. आणि सासूबाईंना विचारा की त्यांच्या लहानपणी गावातला नाताळ कसा व्हायचा. नगर भागातल्या आपल्या मंडळ्यांत भजनं आणि कीर्तनं होती, टाळ आणि पेटी होती. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर प्रभूची गाणी रचली ती अभंग-ओवीच्या वळणावरच, म्हणून ती आपल्या आज्यांना पुस्तक न उघडता पाठ असायची. तुमच्या सासूबाईंना त्यातली काही नक्की येत असणार. ती मुलांना शिकवली तर कॅरोल पार्टीलाही कामाला येतील. पोरं टेम्पोवर उड्या मारत म्हणतात त्या "जिंगल बेल्स"मध्ये प्रभू येशू सोडाच, ख्रिसमसचंही नाव नाही. १८५७ साली अमेरिकेत छापलेलं ते बर्फावरच्या घसरगाडीचं गाणं आहे. म्हणायला हरकत काहीच नाही, ठेका छान आहे. पण अख्खी रात्र गाऊन एकदाही बेथलेहेम लागू नये, हे काही बरं नाही.

गोठा, म्हणजे प्रभूच्या जन्माचा देखावा, करता की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्या प्रॉटेस्टंट घरांत झाड असतं, गोठा बहुधा नसतो, तो वसई-गोव्याकडच्या कॅथलिक बांधवांचा असं आपण मानत आलो. यंदा करून बघा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने गवत, खराखुरा बैल आणि गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासून ही रीत रुजली. त्याला हेच हवं होतं : लोकांनी ती गरिबी डोळ्यांनी बघावी. गोव्याकडे आधी आठ-दहा दिवस ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात, नाताळपर्यंत हिरवं लुसलुशीत कुरण तयार होतं. हे काम मुलाला द्या, रोज पाणी शिंपडायचं. बाहुल्या मातीच्या करा, वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. मात्र बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, आणि मागी लोकांना, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांना, घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर वगैरे, उभं करा. रोज ते थोडं पुढे सरकतील आणि ६ जानेवारीला पोचतील. किती मागी, हे मत्तयाचं शुभवर्तमान सांगत नाही. तीन ही आपली समजूत, भेटी तीन होत्या म्हणून. मुलाला पाच करायचे असतील तर करू द्या.

आणि जमलं तर नाताळच्या आधी एका रविवारी मुलांना गावाकडे नेऊन खरी गव्हाण दाखवा. पिंपरीतल्या पोराने ती पाहिलेली नसणार. थर्माकोलच्या गोठ्यात ती स्वच्छ आणि सोनेरी असते. खरी बघायची तर जनावरांच्या मानांनी घासून काठ गुळगुळीत झालेला, तळाशी कडब्याची ओली चिपाडं आणि लाळेने चिकटलेला भुसा, भोवती माशा, गोमूत्राचा उग्र वास. मुलाला म्हणावं, हात घालून बघ. आणि मग एवढंच सांगा की उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून मरीयेने तिचं पहिलं बाळ बाळंत्यात गुंडाळून अशा ठिकाणी ठेवलं. बाकी काही सांगू नका. घरी येताना तो काय विचारतो ते बघा.

सांताचं एवढं मनावर घेऊ नका. तो मुळात आपल्यातलाच आहे. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. त्याची जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी : एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, आता त्यांचे धिंडवडे निघणार. निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, कोणी टाकल्या ते कळू न देता. हुंड्यापायी पोरींचं काय होतं हे महाराष्ट्राला कुणी समजावायला नको. त्याचा स्मरणदिन ६ डिसेंबर. त्या दिवशी लूकच्या सहाव्या अध्यायाबरोबर ही गोष्ट मुलाला सांगा. नंतर घरात एक खेळ लावा : प्रत्येकाने कोणाला तरी काहीतरी द्यायचं आणि नाव कळू द्यायचं नाही. मुलाला गिफ्ट मिळेलच, बंद करू नका. पण त्यालाही कोणाचा तरी निकोलस होऊ द्या. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचा, नाहीतर मंडळीतल्या त्या आजींचा, ज्यांचा हा आजोबांशिवायचा पहिलाच नाताळ असेल. अशी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. नाताळच्या गर्दीत त्यांच्याकडे जायला सगळे कचरतात, कारण "हॅपी ख्रिसमस" कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हणू नका. जेवणाचा डबा घेऊन जा, शेजारी बसा.

सोसायटीच्या कार्यक्रमातून अंग काढून घेऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती. त्यांनी "तुमचा सण, तुम्ही बघा" म्हटलंय, म्हणजे दार उघडून दिलंय. गणपतीत गणपतीची गोष्ट सांगतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तसंच सांताच्या आधी पाच मिनिटं पोरांनी बेथलेहेमची गोष्ट करून दाखवायची : डोक्यावर टॉवेल बांधलेले मेंढपाळ, एक देवदूत, "जागा नाही" म्हणणारा उतारशाळेचा मालक. तो मालक सोसायटीच्या सेक्रेटरींना करायला सांगा, पार्किंगवरून रोज तेच वाक्य म्हणत असतील. कार्यक्रम कमिटीला आधी विचारून, आणि मुलांच्या आईबापांना माहीत असताना करा. उपदेश नको, पत्रकं नकोत, शेवटी प्रार्थनेचं आवाहन नको. शेजारी पाहुणे म्हणून आलेत, त्यांना धर्मसंकटात टाकायचं नाही. आपल्या सणाची गोष्ट सांगायची आणि फराळाची ताटं फिरवायची. आपल्याला दिवाळीला येतात तशीच.

दिरांचं थोडक्यात. ते म्हणतात ते अर्धं खरं आहे : बायबलात प्रभूच्या जन्माची तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याची सर्वांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची मानली जाते. आर्मेनियाची मंडळी आजही ६ जानेवारीला प्रभूचा जन्म साजरा करते. तारीख कशी ठरली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि हा वाद काही व्हॉट्सॲपने आणलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ साली नाताळ पाळण्यावर पाच शिलिंग दंड लावला होता, तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. १८३१ पासून नगरमध्ये काम करणारे अमेरिकन मिशनरी बहुतेक त्याच परंपरेतले. तरी आपल्या नगरी मंडळ्यांत आज नाताळ किती उत्साहाने होतो ते तुम्ही पाहताच. पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो; प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. दिरांनी नाही पाळला तरी त्यांचा विश्वास उणा नाही, तुम्ही पाळलात म्हणून तुमचाही नाही. त्यांना हे वचन पाठवा, आणि २७ तारखेच्या जेवणाचं आमंत्रणही. मग ग्रुप म्यूट करा.

झाड ठेवा. केकही करा. प्लास्टिकचं झाड माळ्यावर आहेच, ते फेकून कोणाची भक्ती वाढत नाही.

राहता राहिला डीजे. तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे, आणि आजारी माणसाच्या खिडकीखाली ढणढणाट करून शांतीच्या राजाचा जन्म कळवणं शोभत नाही. पण पाळकसाहेबांना सुनवायला डिसेंबरात जाऊ नका. त्या महिन्यात पाळकाला चार-चार उपासना, संडे स्कूलची नाटकं, आजाऱ्यांच्या भेटी, प्रीतिभोजनाचा हिशेब आणि पन्नास जणांच्या तक्रारी असतात. तुमची एक्कावन्नावी होईल. शिवाय डीजे पाळकसाहेबांनी आणलेला नसतो, तरुणसंघाने आणलेला असतो, आणि तरुणसंघात तुमची मुलगी आहे. आधी तिच्याशी बोला, तिला त्यात काय आवडतं ते ऐकून घ्या. पोरांना थंडीत रात्री एकत्र हिंडायला आवडतं, घरोघरचा चहा आवडतो. डीजे नसला तरी तेवढं उरतंच. मग फेब्रुवारीत, गडबड ओसरल्यावर, मंडळीच्या पंच कमिटीकडे जा. हातात तक्रार नको, योजना न्या : साडेनऊपर्यंत फेरी आटोपायची, टेम्पोऐवजी पेटी-ढोलकी, गाण्यांत निम्मी मराठी, आणि फेरीची सुरुवात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरापासून. कमिटी विचारेल, गाणी शिकवणार कोण, पोरांना घरी सोडणार कोण? तेव्हा सासूबाईंचं आणि यजमानांचं नाव सांगा. फक्त त्या दोघांना आधी विचारून ठेवा.